हॉलमधल्या टीव्हीसाठी पीसी: छोटा मिनी पीसी पुरेल की असेंबल करावा? रिसीव्हर जुना आहे

खारघर_सेक्टर२०

नमस्कार मंडळी. हॉलमधल्या टीव्हीला कायमचा जोडून ठेवायला एक पीसी घ्यायचा आहे. गेमिंग नाही, ऑफिसचं काम नाही, फक्त पाहणं आणि ऐकणं.

हॉल १६ बाय साडेदहा फूट, सोफा टीव्हीपासून साडेआठ फुटांवर. टीव्ही ५५ इंची ४के, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन (जास्त उजळ-गडद चित्राचे दोन प्रकार) दोन्ही चालतात, एचडीएमआय तीन, त्यातलं एक ईआर्कचं (टीव्हीतला आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारं). रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) जुना पण ठणठणीत: ५.१, एचडीएमआय १.४. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर (ब्लू-रेवरचे मूळ दर्जाचे आवाज) तो स्वतः डीकोड करतो, आर्कही (ईआर्कचं जुनं रूप) आहे, पण ४के चित्र त्याच्यातून पुढे जात नाही. स्पीकर चांगले आहेत, म्हणून रिसीव्हर बदलायचा नाही.

बघायचं काय: स्वतःच्या डिस्कवरून उतरवलेल्या ब्लू-रे, नाटकांच्या आणि जुन्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी, आयफोनवर काढलेले घरचे व्हिडिओ. सगळं मिळून तीन टीबी आहे आणि वाढतंय. शिवाय डीटीएचचा सेट टॉप बॉक्स आहे आणि ओटीटी.

दुकानातून आलेलं कोटेशन असं: आय५-१२४००एफ, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ६५० वॅटचा एसएमपीएस, काचेचा आरजीबी कॅबिनेट. बजेट ४५ हजार, त्यात डिस्कही बसवायची आहे.

एवढं खरंच लागतं का? जुना रिसीव्हर कसा जोडावा? पीसी प्लायच्या बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आई-बाबांना एकाच रिमोटवर सगळं चालवता आलं पाहिजे.

---

वागळे_इस्टेट

ते कोटेशन घेऊ नका. ते गेमिंगचं आहे, आणि तुम्हाला लागणाऱ्या दोन गोष्टी, शांतता आणि डिस्क, त्यात नाहीतच.

चित्रपट चालवताना प्रोसेसरचा वेग जवळजवळ कामाला येत नाही. काम करतो तो ग्राफिक्समधला व्हिडिओ डीकोड करणारा भाग. त्याला फॉरमॅट कळत असेल तर ४के फाइल चालताना प्रोसेसर ५ ते १० टक्क्यांवर निवांत बसतो. कळत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा ओरडतो आणि चित्र अडखळतं. म्हणून चार नावं तपासा: एच.२६४, १० बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१. पहिली तीन बहुतेकांत मिळतात, अडतं ते एव्ही१ पाशी. यूट्यूब आता बरंच काही एव्ही१ मध्ये पाठवतं.

इंटेलमध्ये ११ व्या पिढीपासून पुढच्या अंतर्गत ग्राफिक्सना एव्ही१ डीकोड येतं. एएमडीच्या ५६००जी ला येत नाही, ८६००जी ला येतं. कोटेशनमधलं कार्ड जर आरएक्स ६४०० किंवा जीटी १०३० असेल, तर पैसे देऊनही एव्ही१ मिळणार नाही.

आणि १२४००एफ मधला तो 'एफ' नीट बघा. एफ म्हणजे अंतर्गत ग्राफिक्स बंद. तुम्हाला हवा असलेला भागच काढून टाकलेला प्रोसेसर, आणि ती उणीव भरायला वेगळं कार्ड, म्हणजे आणखी एक पंखा.

तुमच्यासाठी दोनच रस्ते आहेत.

पहिला, इंटेल एन१०० चा मिनी पीसी. ४ कोअर, ६ वॅटचा प्रोसेसर, वरचे चारही फॉरमॅट डीकोड करतो. रॅम ८ जीबी पुरते, १६ असेल तर उत्तम. हा प्रोसेसर सिंगल चॅनलच आहे, त्यामुळे दोन स्टिकचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडी फक्त ऑपरेटिंग सिस्टिम आणि पोस्टरांच्या कॅशसाठी.

दुसरा, आय३-१२१०० (एफ नसलेला), एच६१० किंवा बी६६० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम. डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये बसवायची असेल, किंवा पुढे इतर खोल्यांतल्या टीव्हींना ट्रान्सकोड करून (फॉरमॅट बदलून) द्यायचं असेल, तरच हा. नुसत्या एका टीव्हीसाठी एन१०० पुरतो.

कोणताही घ्या, पण एचडीएमआयची ओळ स्पेसिफिकेशनमध्ये स्वतः वाचा. '४के' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. पुढे ६० हर्ट्झ लिहिलेलं हवं. ३० हर्ट्झ असेल तर ते एचडीएमआय १.४ आहे. चित्रपट २४ फ्रेमचे असल्याने तेही चालतील, पण मेनू फरफटत सरकतो आणि फोनवरचे ६० फ्रेमचे व्हिडिओ तुटक दिसतात. डिस्प्लेपोर्टवरून टीव्हीला जोडायचं असेल तर अडॅप्टर ॲक्टिव्ह घ्या. साधा पॅसिव्ह अडॅप्टर ४के ला ३० हर्ट्झवरच थांबतो.

डॉल्बी व्हिजनबद्दल आधीच सांगून ठेवतो. टीव्हीत ते असलं तरी विंडोज किंवा लिनक्सच्या पीसीवरून ते धड जात नाही. ब्लू-रेवरच्या डॉल्बी व्हिजनखाली एचडीआर१० चा पाया असतो, तो व्यवस्थित दिसतो. डॉल्बी व्हिजनच्याच 'प्रोफाइल ५' या प्रकारातल्या फाइलला असा पाया नसतो, ती लावली की चेहरे हिरवे-जांभळे दिसतात. तो बिघाड समजून केबल बदलत बसू नका. आयफोनचे व्हिडिओ ८.४ प्रोफाइलचे असतात, त्यांच्याखाली एचएलजी (एचडीआरचाच एक प्रकार) असतं, ते चालतात.

---

पाचपाखाडी

रिसीव्हरबद्दल लिहितो, कारण इथेच निर्णय बदलतो.

तुमच्याकडे आवाज पोहोचवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

मार्ग अ. पीसी ते टीव्ही एक केबल, टीव्हीच्या ईआर्क पोर्टमधून रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटला दुसरी. टीव्ही ईआर्कचा असला तरी रिसीव्हर साध्या आर्कचा, म्हणजे मधली भाषा साधी आर्कच. तिच्यातून ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी जात नाही, सुट्या वाहिन्यांचा ५.१ पीसीएमही (न दाबलेला आवाज) जात नाही. जातं ते डॉल्बी डिजिटल. डीटीएस जाईल की नाही हे टीव्हीवर आहे, बऱ्याच टीव्हींमधून ते पुढे सरकतच नाही आणि स्पीकर मुके राहतात.

यावर कोडीमध्ये (पीसीवर फाइली चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) इलाज आहे. सेटिंग्जची पातळी 'एक्स्पर्ट' करा. सिस्टिम, मग ऑडिओ. 'नंबर ऑफ चॅनल्स' २.० ठेवा. इथे बहुतेक जण चुकतात: स्पीकर ५.१ आहेत म्हणून ५.१ निवडतात आणि पुढचा पर्याय गायब होतो. मग 'अलाव पासथ्रू' (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू, त्याखाली फक्त डॉल्बी डिजिटलवर खूण, आणि 'डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग' चालू. डीटीएस, डीटीएस-एचडी, ट्रूएचडी यांवरच्या खुणा काढा. आता कोणताही ५.१ ट्रॅक ६४० केबीपीएस डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून जातो. डीव्हीडीवर डॉल्बीची कमाल ४४८ असते, ब्लू-रेवर ६४०. म्हणजे जो आकडा तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलात त्याहून हा कमी नाही.

टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत आर्कचं आउटपुट 'ऑटो' किंवा 'डॉल्बी डिजिटल' ठेवा. ओटीटी ॲप डॉल्बी डिजिटल प्लस देतात. तुमचा रिसीव्हर आर्कवर ते घेत नसेल, तर 'पासथ्रू' ठेवल्यावर आवाज बंद होईल.

मार्ग ब. पीसीला दोन आउटपुट. एक थेट टीव्हीला, ४के चित्रासाठी. दुसरं थेट रिसीव्हरच्या इनपुटला, फक्त आवाजासाठी. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मूळ रूपात रिसीव्हरपर्यंत जातात. चांगल्या स्पीकरवर, विशेषतः पार्श्वसंगीत आणि गर्दीच्या प्रसंगात, फरक कळतो.

पण याची किंमत आहे. विंडोज त्या रिसीव्हरला दुसरा मॉनिटर समजतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'एक्स्टेंड' ठेवावं लागतं, कारण 'डुप्लिकेट' केलं तर टीव्हीही १०८०पी वर उतरतो. मग माउसचा बाण उजवीकडे निघून जातो आणि सापडत नाही, कारण तो न दिसणाऱ्या पडद्यावर असतो. त्यावर उपाय असा: डिस्प्लेच्या मांडणीत दुसऱ्या पडद्याचा चौकोन ओढून पहिल्याच्या कोपऱ्याला तिरका टेकवा, फक्त टोकाला टोक. बाण मग सहजासहजी पलीकडे जात नाही.

त्या दुसऱ्या पडद्याचं रिझोल्यूशन १०८०पी ६० हर्ट्झच ठेवा. आवाज चित्राच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेतून जातो. ४८०पी सारखं कमी रिझोल्यूशन ठेवलं तर ट्रूएचडीला जागाच पुरत नाही. ही जोडणी १०८०पी ची असल्याने इथे साधा पॅसिव्ह डिस्प्लेपोर्ट अडॅप्टरही चालतो.

आणखी एक त्रास: रिसीव्हर बंद केला की तो 'मॉनिटर' नाहीसा होतो, विंडोज खिडक्या इकडेतिकडे हलवतं, कोडीचं ऑडिओ डिव्हाइस हरवतं. रिसीव्हरच्या मेनूत स्टँडबाय पासथ्रू असेल तर तो चालू ठेवा. नसेल तर मध्ये ईडीआयडी एम्युलेटर (रिसीव्हर चालूच आहे असं पीसीला भासवणारा छोटा डबा) लावावा लागतो, आणि तो तुमच्या रिसीव्हरची माहिती शिकून घेणारा हवा. ठरावीक माहिती देणारा स्वस्त घेतला तर विंडोजला ट्रूएचडीचा पर्यायच दिसणार नाही.

आणि हे लिब्रेइलेकवर (फक्त कोडी चालवणारी छोटी लिनक्स सिस्टिम) जमत नाही. तिथे कोडी एकच आउटपुट चालवतं. ब हवा असेल तर विंडोज ११ वर कोडी.

माझं मत: रोज टीव्ही हाताळणारी माणसं मोठ्या वयाची आहेत, तर अ ने सुरुवात करा. आर्कच्या केबलवरूनच सीईसी (एका रिमोटवर जोडलेली उपकरणं चालवायची सोय) चालतं, टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप लागतो, आवाजही टीव्हीच्या रिमोटवर. ब मध्ये डीटीएचसाठी रिसीव्हरवर 'टीव्ही' आणि चित्रपटासाठी 'पीसी' असं प्रत्येक वेळी बदलावं लागेल. मिनी पीसी मात्र दोन आउटपुटचाच घ्या, म्हणजे ब चा रस्ता मोकळा राहतो.

---

खारघर_सेक्टर२०

खूप आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मार्ग अ आणि एन१००. मग लिब्रेइलेक टाकू की विंडोज? ओटीटी त्याच पीसीवर चालावं असं वाटत होतं. आणि डिस्कचं काय करावं?

---

ऐरोली_नॉलेज_पार्क

ओटीटी पीसीवर नको. हे गुणवत्तेचं नव्हे, परवानगीचं प्रकरण आहे. ओटीटीवाले डिव्हाइसची सुरक्षा पातळी बघून चित्र देतात. टीव्ही आणि एचडीएमआयला लावायच्या ओटीटी स्टिकमध्ये बहुतेक वेळा वाइडवाइन एल१ (सुरक्षेची वरची पातळी) असतं, त्यांना पूर्ण ४के मिळतं. लिनक्सच्या ब्राउझरला एल३, म्हणजे एचडी किंवा त्याहूनही कमी. विंडोजवर काही सेवा एज ब्राउझरमधून ४के देतात, पण त्यासाठी प्लेरेडी, एचडीसीपी २.२ (दोन्ही कॉपी रोखणाऱ्या यंत्रणा) आणि एचईव्हीसी एक्स्टेन्शन सगळं जुळून यावं लागतं, आणि तरी सोफ्यावरून कीबोर्ड चालवायचा. टीव्हीची स्वतःची ॲप हेच काम एका बटणावर करतात, आवाज आर्कने रिसीव्हरला जातोच. टीव्हीची ॲप मंदावली असतील तर चांगली ४के स्टिक लावा.

हे एकदा ठरलं की लिब्रेइलेक निर्धास्त घ्या. पेनड्राइव्हवरून दहा मिनिटांत बसतं, चालू होताच कोडी उघडतं, मध्येच अपडेटचा निळा पडदा येत नाही. एन१०० वर एचडीआर१० चालतं.

बसवल्यावर तीन सेटिंग लगेच करा.

प्लेअर, व्हिडिओज, 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' वर. चित्रपट २३.९७६ फ्रेमचा असतो. टीव्ही ६० हर्ट्झवर राहिला तर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दिसते आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके देतं. टीव्ही नेमका २३.९७६ वर जायला हवा. २४.००० वर गेला तर साधारण ४२ सेकंदांनी एक फ्रेम दुबार येते. तुमच्या डीव्हीडी २५ फ्रेमच्या असतील, तर त्या ५० हर्ट्झवर जातील.

त्याच ठिकाणी बदलानंतरचा विराम दोन-तीन सेकंद ठेवा, नाहीतर टीव्ही काळा असताना सुरुवातीचा संवाद निघून जातो.

'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' बंदच ठेवा. ते चालू केलं की पासथ्रू बंद पडतं आणि ५.१ चा आवाज दोन स्पीकरवर येतो. कारण शोधण्यात लोकांचा आठवडा जातो.

रंगांत एक तपासा. अंधाऱ्या प्रसंगात काळा कोट आणि काळी भिंत एकच डाग दिसत असेल, किंवा उलट सगळं राखाडी धुकट दिसत असेल, तर पीसी आणि टीव्हीचा रेंज जुळत नाही. व्हिडिओचा रेंज १६ ते २३५, कॉम्प्युटरचा ० ते २५५. दोन्हीकडे एकच निवडा, लिमिटेड तर लिमिटेड.

---

शांत_पंखा

डिस्क, उष्णता आणि वीज.

४के ब्लू-रे जशीच्या तशी उतरवली तर एक चित्रपट ५० ते ९० जीबी. सरासरी ६० धरा, म्हणजे ८ टीबीत १३० च्या आसपास. एन१०० च्या डब्यात ३.५ इंची डिस्क बसत नाही, आणि हॉलमध्ये ती बसवूही नये. रात्री दहानंतर शांत प्रसंगात डिस्कची खरखर प्लायच्या फळीतून दुप्पट होऊन ऐकू येते. दुसऱ्या खोलीत राउटरजवळ दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) ठेवा आणि हॉलपर्यंत कॅट६ ओढा. बजेट ताणायचं नसेल तर ३.५ इंची डिस्क स्वतःच्या १२ व्होल्ट अडॅप्टरच्या यूएसबी एन्क्लोजरमध्ये ठेवा, खाली जाड रबराचे चार पाय लावा, आणि ती प्लायला न टेकता फरशीवर ठेवा.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर हे मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. वाचायला ठीक, पण एकदम २ टीबी ओतायला गेलात की थोड्या वेळाने वेग कोसळतो. नॅसमध्ये दोन डिस्कची जोडी (दोन्हींवर तेच) करणार असाल तर एसएमआर मुळीच नको, एक डिस्क मेल्यावर दुसरी भरताना दिवसच्या दिवस जातात. आणि जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. घरचे व्हिडिओ तिसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा. चित्रपट पुन्हा उतरवता येतील, मुलांचे वाढदिवस नाही.

वायफायवर भरवसा नको. ४के ब्लू-रेचा प्रवाह सरासरी ६०-७० एमबीपीएस असतो आणि मधूनच १०० च्या वर उसळतो. आपल्या इमारतींच्या आरसीसी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ अर्धमेला होऊन पोहोचतो. 'टीव्हीतच लॅन आहे की' असंही वाटेल, पण बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, तो त्याच उसळीवर अडतो. मिनी पीसीचा गिगाबिट असतो. टाटा प्लेची किंवा केबलची वायर ज्या पाइपातून आली आहे त्यात बऱ्याचदा एक कॅट६ जाते, वायरमनला आधी स्प्रिंग घालून बघायला सांगा, मग भिंत फोडायचा विचार.

बंद टीव्ही युनिट: एन१०० जेमतेम १० ते २० वॅट खातो, पण बंद प्लायच्या खणात मे महिन्यात तेवढीही उष्णता साठते. शेजारी सेट टॉप बॉक्स असतो, तो बहुधा पीसीपेक्षा जास्त तापलेला असतो. खणाच्या पाठच्या फळीला खाली एक आणि वर एक असे ६० मिमीचे दोन गोल कापून घ्या, सुताराकडे होल सॉ असतोच. वायरी जायला ठेवलेली झाकणवाली भोकं मिळतात, ती झाकण न लावता बसवली की कडा स्वच्छ दिसतात. थंड हवा खालून आत, गरम वरून बाहेर. पीसी सेट टॉप बॉक्सच्या वर ठेवू नका.

रिसीव्हर मात्र उघड्या खणातच, वर किमान चार इंच मोकळी जागा.

आय३ चा पीसी कुणी बांधणार असेल तर: सोबत येणारा पंखा हॉलसाठी मोठ्याने वाजतो. बायोसमध्ये पॉवर लिमिट ३५ ते ४५ वॅटवर आणा, चित्रपटात काही फरक पडत नाही. १२० मिमीचा पंखा ७००-८०० फेऱ्यांवर जवळपास ऐकू येत नाही, ४० मिमीचा छोटा पंखा मात्र शिट्टी वाजवतो. कॅबिनेट पंख्याच्या आकारावरून निवडा.

धूळ: खारघर, घोडबंदर, जिथे शेजारी बांधकाम चालू आहे तिथे जाळी महिन्यातून एकदा काढून झटका. पावसाळ्यात हीच धूळ दमट होऊन जाळीवर नमद्यासारखी बसते, मग ती झटकून जात नाही, धुवावी लागते.

वीज गेली तर चालत्या डिस्कचं नुकसान होतं, म्हणून ६०० व्हीए, साधारण ३६० वॅटचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस. त्यावर पीसी, डिस्क, राउटर. टीव्ही आणि रिसीव्हर नको, ते वेगळ्या सर्ज प्रोटेक्टरवर.

---

ऐरोली_नॉलेज_पार्क

वरच्यात एक भर. रिसीव्हर जोडल्यावर स्पीकरमधून सलग 'हंऽऽ' असा आवाज आला तर पहिल्यांदा सेट टॉप बॉक्समागची डिशची वायर फिरवून काढा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे: गच्चीवरची डिश एका अर्थला, रिसीव्हर-पीसी दुसऱ्या अर्थला, मध्ये वायरीची जाळी. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून घ्या, आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. पीसीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थ मिळतच नाही. ते आधी दुरुस्त करा, तोवर एचडीएमआय काढघाल करू नका. अशा फरकावर पोर्ट जळतात.

जूनच्या पहिल्या वादळात आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की डिशची वायर काढून ठेवा. सर्ज प्रोटेक्टर सॉकेटच्या बाजूने वाचवतो, डिशच्या वायरीतून आलेला झटका थेट एचडीएमआयवर जातो.

---

वागळे_इस्टेट

रिमोटचं राहिलं होतं. पीसीच्या एचडीएमआयला सीईसी बहुतेक नसतं, म्हणून टीव्हीच्या रिमोटची बटणं पीसीपर्यंत आपोआप जात नाहीत. दोन उपाय आहेत. यूएसबीचा सीईसी अडॅप्टर पीसी आणि टीव्हीच्या मध्ये लावायचा, पण तो घेताना ४के ६० हर्ट्झ एचडीआर पुढे सोडतो का हे बघा. किंवा फ्लर्क हा यूएसबी इन्फ्रारेड रिसीव्हर. टीव्हीच्या रिमोटवरची पडून असलेली बटणं किंवा कोणताही जुना रिमोट त्याला शिकवता येतो. शिकवणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा, एकेक बटण दाबून दाखवायचं: वर, खाली, डावं, उजवं, ओके, मागे, थांबा. आई-बाबांसाठी एवढी सातच पुरेत. तो बंद दारामागे चालणार नाही, यूएसबी एक्स्टेन्शनने पुढे आणून युनिटच्या कडेला चिकटवा.

एअर माउस किंवा वायरलेस कीबोर्ड घेतलात आणि बटण दाबल्यावर कधी लागतं, कधी नाही असं झालं, तर सेल बदलण्याआधी डोंगल हलवा. यूएसबी ३ पोर्टची आणि डिस्कच्या केबलची गडबड नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते. डोंगल यूएसबी २ पोर्टला, तोही एक मीटरच्या एक्स्टेन्शनवर.

रिमोटने पीसी झोपेतून उठत नसेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' बंद करा. ते चालू असलं की झोपेत यूएसबीला वीजच मिळत नाही.

केबल: पीसी ते टीव्ही तीन मीटरच्या आत असेल तर 'प्रीमियम हाय स्पीड' खूण असलेली १८ जीबीपीएसची साधी तांब्याची पुरे. टीव्ही भिंतीवर आणि पीसी लांब असेल, सात-आठ मीटर, तर ऑप्टिकल एचडीएमआय. तिला दिशा असते, 'सोर्स' लिहिलेलं टोक पीसीकडे. भिंतीत ओढण्याआधी टोकं तपासा, उलटी ओढली तर पुन्हा बाहेर काढावी लागते. आणि ओढण्याआधी फरशीवर पसरून अर्धा तास चित्र लावून बघा. एचडीआरची फाइल लावल्यावर पांढरे ठिपके चमकले किंवा पडदा क्षणभर काळा झाला, तर केबल कमी पडते आहे.

ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जाऊन घेणार असाल तर मिनी पीसी तिथेच चालू करायला सांगा आणि कान लावा. पंख्याच्या बेअरिंगचा किरकिराट दुकानात, रस्त्याच्या गोंगाटातही जवळून कळतो.

---

खारघर_सेक्टर२०

आता यादी पक्की: दोन एचडीएमआयचा एन१००, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, ८ टीबी सीएमआर डिस्क एन्क्लोजरसह, ६०० व्हीए यूपीएस, फ्लर्क, कॅट६. नॅस पुढच्या वर्षी. लॅपटॉपवर कोडी टाकून सराव चालू केला. दोन अडचणी: नाटकांच्या डीव्हीडीत पात्रं हलली की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात. आणि मराठी सबटायटल्स कधी चौकोनी डबे, कधी अगम्य अक्षरं दाखवतात.

---

पाचपाखाडी

रेषा इंटरलेसिंगच्या. डीव्हीडीत एक चित्र दोन हप्त्यांत साठवलेलं असतं, विषम ओळी आधी, सम ओळी नंतर. मधल्या क्षणात नटाचा हात हलला की ओळी जुळत नाहीत. नाटक चालू असताना ओके दाबून व्हिडिओ सेटिंग्जमध्ये जा, डीइंटरलेसची पद्धत बघा. एन१०० वर लिब्रेइलेकमध्ये व्हीएएपीआयचे (ग्राफिक्सकडून काम करून घेणारे) पर्याय दिसतील, त्यातला 'मोशन कॉम्पेन्सेटेड' निवडा आणि खाली 'सेट ॲज डिफॉल्ट फॉर ऑल व्हिडिओज' दाबा. 'बॉब' निवडलात तर रेषा जातात, पण मागच्या नेपथ्याच्या आडव्या कडा थरथरतात. डीव्हीडी आधीच एच.२६४ मध्ये बदललेल्या असतील आणि रेषा त्यातच छापल्या गेल्या असतील तर हा उपाय लागू पडत नाही. मूळ डिस्कवरून पुन्हा उतरवा, एमपीईजी-२ तसंच ठेवा. डीव्हीडीला जागा किती, चार ते आठ जीबी.

सबटायटलचे दोन वेगळे दोष आहेत. अगम्य अक्षरं म्हणजे फाइलचं एन्कोडिंग चुकलंय. एसआरटी (सबटायटलची) फाइल नोटपॅडमध्ये उघडा, मराठी नीट दिसत असेल तर 'सेव्ह ॲज' करून एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. नोटपॅडमध्येही इंग्रजी अक्षरांचा गिचमिड खेळ दिसत असेल तर ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या.

चौकोनी डबे म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट मोफत मिळतो, लांबूनही वाचता येतो. त्याची टीटीएफ फाइल कोडीच्या मीडिया फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाका, मग प्लेअर, सबटायटल्समध्ये तोच निवडा. जोडाक्षरं तपासायला फाइलमधल्या पहिल्या संवादाच्या जागी 'ज्ञानेश्वरांच्या श्रद्धेने' लिहून बघा. 'द्ध' चे पाय मोडून हलन्त दिसला तर कोडी जुनं आहे, २० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. साडेआठ फुटांवरून ५५ इंचीवर आकार थोडा मोठाच ठेवा आणि अक्षरांना काळी कडा द्या, देवनागरीची शिरोरेषा उजळ दृश्यात पटकन विरून जाते.